शिश्नाचा कॅन्सर : अख्खं काढायचं, थोडं काढायचं, की वाचवायचं?

जांभूळबेट | सोमवार, रात्री ९:१०
परभणी-हिंगोलीकडच्या उपकेंद्रांसाठी एक पानी पत्रक करायचं चाललंय. वाचणारे आशाताई, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि पुरुष आरोग्य सेवक. विषय शिश्नाचा कॅन्सर आणि त्यात करावी लागणारी शिश्न काढण्याची शस्त्रक्रिया. तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख या तिघांचे फलक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असतात, याचं मात्र कुणी नाव काढत नाही.

गावात दोन समज घट्ट बसलेत. पहिला, तिथं फोड किंवा जखम झाली म्हणजे गरमी, नाहीतर बाहेरख्यालीपणा, म्हणजे सांगायची सोयच नाही. दुसरा, मोठ्या दवाखान्यात गेलं की मुळापासून काढूनच टाकतात. या दुसऱ्या भीतीपायी माणूस घरी बसतो आणि जांघेत गाठी आल्या की मग येतो.

माझं मत असं की पत्रकाची पहिली ओळ "लवकर आलात तर वाचतं" हीच असावी. पण त्याआधी तीन गोष्टी पक्क्या हव्यात. किती काढायचं हे नेमकं कशावर ठरतं? कॅन्सरशिवाय आणखी कशासाठी काढावं लागतं? आणि काढल्यावर माणसाचं काय राहतं, काय जातं? ज्यांना आतलं ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहा.

टाकेवाला | सोमवार, रात्री ९:४८
गाठ कुठं आहे आणि किती खोल गेलीय यावर ठरतं. फक्त पुढच्या कातडीवर असेल तर सुंता केली की बहुतेक काम झालं. बोंडाच्या वरच्या थरातच असेल, खाली शिरलेली नसेल, तर ५-फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉडचं मलम, लेझर, नाहीतर बोंडाची वरची साल काढून तिथं मांडीची पातळ कातडी लावणं. बोंडात शिरलीय पण ताठरता आणणाऱ्या आतल्या दोन नळ्या शाबूत आहेत, तर नुसतं बोंड काढता येतं. त्या नळ्यांच्या टोकात शिरली की अर्धवट शस्त्रक्रिया. बुडापर्यंत गेली, किंवा गाठ काढल्यावर कामाचा खुंटच उरणार नसेल, तेव्हा पूर्ण.

कामाचा म्हणजे साधारण २ ते ३ सेंटिमीटर. एवढा उरला तर उभं राहून धार पुढे पडते. त्याहून आखूड राहिला तर लघवी अंडकोषाच्या पिशवीवर ओघळते, कातडी कायम ओली राहून सोलवटते आणि माणूस दोन्हीकडून जातो. तिथं अर्धवटाचा हट्ट धरू नये, लघवीची वाट खाली काढून दिलेली बरी.

खोली बघायला हाताची तपासणी बऱ्यापैकी पुरते. शंका असेल तर एमआरआय, आणि तोही प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देऊन ताठरता आणून काढला तर नळीचं आवरण फुटलंय का ते नीट दिसतं.

काचपट्टी | सोमवार, रात्री १०:२०
टाकेवाल्यांशी सहमत, पण त्याच्याही आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. आणि सगळी वाट तिथंच लागते. फुलकोबीसारख्या वाढीच्या वरचा शेंडा चिमटीत धरून तोडतात, बाटलीत टाकतात आणि रिपोर्ट येतो 'केराटिन आणि दाह, कॅन्सर दिसत नाही'. पेशंट खूश, गाठ आत चालूच. तुकडा कडेचा हवा, म्हणजे चांगली कातडी आणि गाठ यांचा सांधा त्यात यावा, आणि खोल हवा. वरचा कुजका भाग नको. कातडी मागे सरकतच नसेल तर आधी वरच्या बाजूने चीर देऊन ती उघडा, आंधळेपणाने तुकडा घेऊ नका.

तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहा पट. सलाईनमध्ये टाकून वडापने पाठवलेल्या तुकड्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. स्पिरिटमध्येही नको.

रिपोर्टमध्ये नुसतं 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' लिहून भागत नाही, शंभरातले ९५ तेच असतात. ग्रेड (पेशी किती बिघडल्यात), किती खोल, लसीकावाहिन्या-रक्तवाहिन्यांत शिरलाय का, नसांभोवती आहे का, हे चारही हवेत. जांघेचं पुढं काय करायचं ते यावरच ठरतं. आणि जुने रिपोर्ट वाचताना जपून. आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या टीएनएमच्या आठव्या वर्गीकरणात टी२ म्हणजे लघवीच्या नळीभोवतीचा मऊ भाग, टी३ म्हणजे ताठरता आणणाऱ्या नळ्या. आधीच्या वर्गीकरणात दोन्ही टी२ मध्येच होते.

कडबाकुट्टी | सोमवार, रात्री १०:३१
आमच्याकडं मेडिकलवाला हाच त्वचारोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आन् हवामान खातं. फोड म्हणलं की पंधरा ग्रॅमची ट्यूब. त्यात स्टेरॉईड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकत्र. खाज दोन दिवसांत थांबते, गडी म्हणतो बरं व्हायलंय. आत काय चाललंय ते त्या ट्यूबलाबी माहीत नाही.

पत्रकात हेच टाका की राव : तिथली जखम, चट्टा किंवा मस्सा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर ट्यूब बदलू नका, डॉक्टर बदला.

जांभूळबेट | सोमवार, रात्री १०:४०
"ट्यूब बदलू नका, डॉक्टर बदला" उचललं!

खुलताबादकर | मंगळवार, सकाळी ७:५५
कारणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागे न सरकणारी कातडी. तिच्याखाली मळ आणि लघवी साचते, वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. त्यात एचपीव्ही विषाणू, मुख्यतः १६ नंबरचा, तंबाखू (बिडी आणि गुटखा दोन्ही), आणि लायकेन स्क्लेरोसस नावाचा पांढरे चट्टे पाडणारा आजार. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यात आपल्या धाराशिवचे भूम-परांडा येतात. शहरांपेक्षा खेड्यांत हा आजार जास्त, हे तिथल्या आकड्यांतूनही दिसत आलंय.

आता एक गैरसमज. "मुसलमानांना होतच नाही" असं सर्रास बोललं जातं. लहानपणी सुंता झालेल्यांत फार क्वचित होतो, हे खरं. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नाही, आणि त्या 'कधीच नाही'मुळे ज्याला होतो त्याचं निदान आणखी लांबतं. दुसरं, मोठेपणी करून घेतलेल्या सुंतेने तेवढं संरक्षण मिळत नाही, कारण तोवर दाहाची वर्षं उलटून गेलेली असतात. कातडी अडकलेली असेल तर ती तरीही करावीच. निदान आतलं दिसायला लागतं, धुता येतं.

कडबाकुट्टी | मंगळवार, सकाळी ८:१२
म्हणजे साबण-पाणी बी चालतंय का?

खुलताबादकर | मंगळवार, सकाळी ८:३०
कातडी मागे जात असेल तर रोज मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचं आणि पुन्हा पुढे आणायची. साबण आतून चोळायची गरज नाही, उलट आग होते. लहान मुलांची जबरदस्तीने मागे ओढायची नाही, बहुतेकांची वयाप्रमाणे आपोआप सुटते. पण पन्नाशीच्या माणसाची आजवर नीट मागे जाणारी कातडी अचानक आवळायला लागली, चिरा पडायला लागल्या, तर आधी साखर तपासा.

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ९:०५
साखरेवरून आठवलं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्तात मिळतात आणि भरपूर दिल्या जातात. औषध चांगलं आहे, पण साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे कातडीखाली बुरशी वाढते. गोळी सुरू करताना स्वच्छतेचं दोन वाक्यांत सांगायला हवं. क्वचित त्या भागाचं भयंकर गँगरीनही होतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये तशी सूचना काढली होती.

अवांतर : एचपीव्हीची लस मुलांनाही चालते. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली आणि ती मुलं-मुली दोघांसाठी मंजूर आहे.

किरणवाला | मंगळवार, दुपारी १:१५
सर्जन मंडळींनी मलमापासून थेट सुरीपर्यंत उडी मारली. मध्ये ब्रॅकिथेरपी आहे की! गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान, बोंडापुरती असेल, तर गाठीत सुया रोवून आतून किरणं देता येतात आणि शिश्न वाचतं. त्याआधी सुंता सक्तीची, नाहीतर किरणांनी सुजलेली कातडी अडकून बसते. पेशंटला हा पर्याय सांगितलाच जात नाही, ही माझी तक्रार.

टाकेवाला | मंगळवार, दुपारी २:४०
तक्रार मान्य. पण सुया रोवणारे हात आपल्या आठ जिल्ह्यांत किती? नंतर लघवीचं तोंड आवळणं आणि न भरणारी जखम या दोन गोष्टी बऱ्याच जणांना होतात, आणि ती जखम किरणांची की परत आलेल्या कॅन्सरची, हे ओळखायला पुन्हा बायोप्सी, जी घेतली की जखम आणखी चिघळते. शिवाय शिश्न वाचवणाऱ्या कुठल्याही उपचारानंतर तिथंच पुन्हा उगवण्याची शक्यता अर्धवट शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. वेळेत सापडलं तर काढता येतं आणि जिवाला फारसा फरक पडत नाही. पण वेळेत सापडायचं तर माणूस पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायला हवा. सोयाबीन काढणीत आणि ऊसतोडीच्या हंगामात तो येत नाही.

किरणवाला | मंगळवार, दुपारी ३:०५
मग ऊसतोडीला जाणाऱ्याचं सरसकट कापायचं का? न येण्याची शक्यता त्याच्याशी बोलून ठरवा, आडनाव-गाव बघून नव्हे. आणि मार्जिनचं काय? अजून कित्येक ठिकाणी गाठीपासून २ सेंटिमीटर चांगला भाग सोडून कापतात. तो जुना नियम आहे. आता ५ ते १० मिलिमीटर पुरतात, कडा स्वच्छ असल्याशी मतलब. त्या एक-दीड सेंटिमीटरपायी पूर्ण काढायची वेळ येते.

टाकेवाला | मंगळवार, दुपारी ४:३०
मार्जिनच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. फक्त टेबलावर फ्रोझन सेक्शनची (तुकडा गोठवून तिथल्या तिथं तपासायची) सोय नसेल तर सर्जन थोडं जास्तच सोडतो, कारण चार दिवसांनी 'कडेला कॅन्सर आहे' असा रिपोर्ट आला की पुन्हा भूल, पुन्हा चीर. ग्रेड ३ असेल तर मीही गाठीपासून थोडं जास्तच अंतर ठेवेन.

पत्रकात नको, पण धाग्यात असू दे म्हणून अर्धवट शस्त्रक्रिया कशी होते ते लिहितो. पाठीतून भूल. गाठीवर हातमोज्याचं बोट किंवा निरोध चढवून टाक्यांनी बांधून टाकतात, म्हणजे तिथली घाण आणि पेशी जखमेत सांडत नाहीत. बुडाशी रबरी नळीचा आवळा. कातडीला गोल चीर, वरच्या बाजूच्या शिरा आणि धमन्या बांधून तोडायच्या. मग खालून लघवीची नळी अलगद सोडवून घ्यायची आणि ताठरतेच्या नळ्या जिथं कापल्या त्याच्या साधारण १ सेंटिमीटर पुढे ती कापायची. लांबी इथंच ठेवावी लागते. दोन्ही नळ्यांची तोंडं मधल्या पडद्यासकट २-० व्हिक्रिलने (विरघळणाऱ्या धाग्याने) शिवून बंद. मग आवळा सोडायचा. सोडल्यावर जिथून भळभळ होईल तिथं आणखी टाके. ही पायरी गाळून कातडी शिवली तर रात्री ड्रेसिंग लाल.

शेवटी लघवीच्या नळीचं तोंड. ते वरच्या बाजूने चिरून, बोरूला टोक काढतात तसं तिरपं पसरट करून कातडीला ४-० ने शिवायचं. गोल भोकच शिवलं तर व्रण आकसतो आणि सहा महिन्यांत धार सुतासारखी होते. १४ किंवा १६ नंबरचा फॉली कॅथेटर (लघवीची रबरी नळी). संपलं. तासा-दीड तासाचं काम.

सिस्टर_बालाघाट | मंगळवार, रात्री ९:२२
टेबलावरचं झालं, आता वॉर्डातलं.

पूर्ण काढलेल्या पेशंटची लघवीची वाट अंडकोषाची पिशवी आणि गुदद्वार यांच्या मधे काढलेली असते. पहिल्या ड्रेसिंगला नातेवाईकच नव्हे, नवीन सिस्टरसुद्धा कॅथेटर कुठून आलाय ते शोधत बसते. सूज जास्त असते, पिशवी निळी-काळी दिसते, ते उतरतं. ती सपोर्टवर उचलून ठेवायची. शौचानंतर पुढून मागे धुवायचं, जखम पुढे आणि शौचाची जागा मागे एवढं लक्षात ठेवलं की झालं. कॅथेटर चिमटला किंवा ओढला जाऊन नवीन टाक्यांवर ताण आला तर तोंड उसवतं, म्हणून मांडीला चिकटपट्टीने बांधायचा, लोंबकळत ठेवायचा नाही. कॅथेटर साधारण आठवडाभर, सर्जन सांगतील तसं.

कॅथेटर निघाल्यावर लघवी बसून. कायमची. धार पहिले काही दिवस फाकते, मांड्यांवर उडते. भारतीय संडासात दोन्ही पाय नीट रुंद ठेवून पुढे झुकायचं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना कमोड खुर्ची द्या. आजूबाजूच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावली की खरवडत नाही.

धार बारीक होणं, जोर लावावा लागणं, लघवीला उशीर लागणं, ही तोंड आवळल्याची लक्षणं. अर्धवट आणि पूर्ण दोन्हींत. लगेच आलं तर डायलेटरने रुंद करता येतं, उशीर केला तर पुन्हा ऑपरेशन.

कडबाकुट्टी | मंगळवार, रात्री ९:४०
सिस्टर, पत्रक तुम्हीच लिहा. आम्ही वाटायलो.

मांजरा | बुधवार, सकाळी १०:१०
जांभूळबेट यांचा तिसरा प्रश्न, काय राहतं. अंडकोष जागेवर असतात. म्हणून टेस्टोस्टेरॉन तेवढंच बनतं, दाढी-मिशी, आवाज, ताकद, इच्छा, काहीच बदलत नाही. 'माणूस माणसात राहत नाही' याला एवढं एकच उत्तर पुरतं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. अर्धवट शस्त्रक्रियेनंतर ताठरता येते आणि खुंटाच्या लांबीनुसार संबंधही अनेकांना जमतो, साधारण सहा आठवडे जखम भरू द्यायची. पूर्ण काढल्यावर आत शिरणारा संबंध होत नाही, पण पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) आणि वीर्यकोष शाबूत असल्याने वीर्य खालच्या वाटेने येऊ शकतं आणि कामतृप्तीही होऊ शकते. मूल हवं असेल तर ते वीर्य घेऊन गर्भाशयात सोडता येतं. हाताच्या कातडीपासून नवीन शिश्न बनवायची शस्त्रक्रिया आहे, पण आजार परत येत नाहीय याची खात्री झाल्यावर, आणि मोजक्या केंद्रांत.

बायकोला आधीपासून समुपदेशनात बसवा, पेशंटची हरकत नसेल तर. आणि तिची गर्भाशयमुखाची तपासणीही करून टाका, विषाणू एकच आहे. उदासी येते, काही जण जिवाचं बरंवाईट करायला निघतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर पत्रकावर असू द्या.

आणखी एक घोळ. पुरःस्थ ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये काही वेळा अंडकोष काढतात. तिथं शिश्न राहतं आणि संप्रेरक जातं. इथं बरोबर उलटं. गावात दोन्ही 'पुरुषाचं ऑपरेशन' या एकाच नावाने फिरतात आणि एकाची भीती दुसऱ्याला चिकटते.

औंढ्याचा_वारा | बुधवार, सकाळी ११:०२
मग तृतीयपंथी लोकांमध्ये काढतात ते यात येतं का?

मांजरा | बुधवार, दुपारी १२:१५
कारण वेगळं, शस्त्रक्रियाही वेगळी. जन्माने पुरुष नोंदलेल्या पण स्त्री असलेल्या व्यक्तीसाठी योनी घडवताना शिश्न कापून फेकत नाहीत. त्याची कातडी आतल्या अस्तराला वापरतात, बोंडाचा थोडा भाग नसांसकट राखून त्याचं क्लिटोरिस करतात, अंडकोष काढतात. आधी मानसोपचारतज्ज्ञांचं मूल्यमापन आणि हार्मोन असतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आणि २०१९ चा कायदा यांनंतर याला सरळ वाट आहे.

ज्याला 'निर्वाण' म्हणतात ते दवाखान्याबाहेर केलेलं काढणं मात्र जिवावरचं. रक्तस्राव, धनुर्वात, आणि वाचलं तर लघवीचं तोंड टाचणीएवढं. तसं कुणी आलं तर आधी लघवी मोकळी करायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. प्रश्न नंतर.

औंढ्याचा_वारा | बुधवार, दुपारी १२:३०
आणि बादशहांच्या जनानखान्यातले खोजे? त्यांचं...

धागापाल | बुधवार, दुपारी १२:३४
त्याला वेगळा धागा काढा. इथं दवाखान्यापुरतंच बोलू या.

सिस्टर_बालाघाट | बुधवार, रात्री ८:५०
दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, कॅन्सरशिवाय कशासाठी. त्यातलं निम्मं टाळता येण्यासारखं आहे म्हणून चिडून लिहितेय.

कॅथेटर घालताना कातडी मागे घेतात आणि पुढे आणायला विसरतात. काही तासांत ती बोंडामागे रबरासारखी आवळते, बोंड सुजतं, मग काळं पडतं. कॅथेटर घातला की कातडी पुढे, हे हात धुण्याइतकं अंगवळणी पडायला हवं. दुसरं, कंबरेखाली लुळ्या पेशंटला निरोध-कॅथेटर लावून वर साधी चिकटपट्टी गोल घट्ट गुंडाळतात. त्याला दुखत नाही, तो ओरडत नाही, चोवीस तासांनी काढून बघावं तर गँगरीन. पट्टी गोल फिरवायची नाही आणि रोज उघडून बघायचं. तिसरं, अंथरुणात लघवी करणाऱ्या पोराला दोरा बांधणं. हो, अजून बांधतात. दोरा सुजेत बुडतो, दिसत नाही. पोराचं शिश्न सुजलेलं आणि बुडाशी खाच दिसली तर आधी दोरा किंवा केस शोधा.

टाकेवाला | बुधवार, रात्री ९:३०
+१. त्यात भर. मधुमेह्यांच्या फोर्नियर गँगरीनमध्ये (त्या भागातली कातडी झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग) वरची कातडी कोळशासारखी होते आणि नातेवाईक म्हणतात, गेलं. बहुतेक वेळा आतल्या नळ्या जिवंत असतात, त्यांचा रक्तपुरवठा वेगळ्या, खोल धमनीतून येतो. अंडकोषांचा तर थेट पोटातल्या महाधमनीतून. म्हणून मेलेली कातडी तातडीने, लागेल तितक्या वेळा काढायची, पण शिश्न कापायची घाई करायची नाही. नंतर कातडी लावता येते. पूर्ण काढावं लागतं ते फार थोड्यांत. डायलिसिसच्या पेशंटमध्ये धमन्यांत चुना साचून टोक काळं पडतं, तेही कोरडं असेल तर कापण्यापेक्षा राखलेलं बरं, कारण कापलेली जखम भरतच नाही.

आणि तुटलेलं असेल तर! मारामारी, यंत्र, काहीही. तुटलेला भाग सलाईनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात, कापड बंद प्लास्टिक पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फावर थेट ठेवू नका, पेशी गोठून मरतात. सहा तासांच्या आत सूक्ष्मशस्त्रक्रियेपर्यंत पोचलं तर उत्तम, थंड ठेवलेलं असेल तर आणखी उशिरापर्यंतही जोडता येतं. दुसऱ्याने केलेलं असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायचीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीच्या यादीत पुरुषत्व नष्ट करणं पहिल्या क्रमांकावर आहे.

काचपट्टी | गुरुवार, सकाळी ८:४०
सगळे शिश्नावरच बोलतायत. माणूस मरतो तो जांघेने.

या कॅन्सरचं पहिलं स्थानक म्हणजे जांघेतल्या गाठी, दोन्ही बाजूंच्या, कारण लसीकावाहिन्या मध्यरेषा ओलांडतात. गाठींत नसेल तर पाच वर्षं पार करणारे बहुसंख्य. ओटीपोटातल्या गाठींपर्यंत गेला तर फार थोडे. हाताला गाठ लागली म्हणजे कॅन्सरच असं नाही, जखमेच्या जंतुसंसर्गानेही सुजतात. म्हणून पूर्वी चार-सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन वाट बघायचे. आता नाही. सरळ सुईने पेशी काढून तपासायच्या. वाट बघण्यात महिना जातो आणि तो पेशंट दिवाळीनंतरच उगवतो.

टाकेवाला | गुरुवार, सकाळी ९:३०
आणि हाताला न लागणाऱ्यांचंही सांगा. टी१ मध्ये ग्रेड १ आणि वाहिन्या स्वच्छ असतील तर नजर ठेवून चालतं. त्यापुढं गेलं की जांघ हाताला मोकळी लागली तरी आत सूक्ष्म पेशी असू शकतात. तिथं पहारेकरी गाठ (कॅन्सर ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतो ती) शोधून काढायची, नाहीतर मर्यादित जांघ-शस्त्रक्रिया, मोठी शीर राखून. 'दिसल्यावर काढू' म्हणून थांबलेल्यांचं तितकं चांगलं होत नाही.

पूर्ण जांघेची शस्त्रक्रिया मात्र वाईट आहे, खरं सांगायचं तर शिश्नाच्या शस्त्रक्रियेपेक्षा त्रासाची. वरची कातडी मरते, पाणी साचतं, पाय सुजतो तो कायमचा. नळी दिवसाला ३० ते ५० मिलिलिटरच्या खाली आल्याशिवाय काढायची नाही. पायाचा मोजा, पाय उंच, आणि अनवाणी शेतात नाही. काटा रुतला की पाय लाल होतो. जांघेतल्या गाठी हाडाला-मांसाला चिकटलेल्या असतील तर आधी तीन औषधांची केमो, साधारण चार फेऱ्या, मग बघायचं.

पळसफूल | गुरुवार, दुपारी ४:००
जे त्याही पुढे जाऊन येतात त्यांच्यासाठी. फुटलेल्या जांघेच्या जखमेचा वास हाच घरातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो, त्या वासाने माणूस गोठ्यात झोपायला लागतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या बारीक कुटून सलाईनने धुतलेल्या जखमेवर रोज भुरभुरवा, दोन-तीन दिवसांत वास उतरतो. पावसाळ्यात अळ्या पडतात. टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की त्या वर येतात, मग चिमट्याने. जखम जांघेतल्या मोठ्या धमनीवर असेल तर एखादे दिवशी ती फुटू शकते. घरच्यांना आधीच सांगून गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला लावा. दाबून धरायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

जांभूळबेट | गुरुवार, रात्री ९:१५
पत्रकाच्या दहा पट माल झाला. मूळ मुद्द्यावर येतो. पहिली ओळ "लवकर आलात तर वाचतं" अशीच ठेवू ना?

किरणवाला | गुरुवार, रात्री ९:३३
नको. लवकर येऊनही गाठ बुडाशी असेल तर काढावं लागतं. त्या माणसाला वाटेल आपल्याला फसवलं. आणि उशिरा आलेला ते वाचून परत फिरेल.

मांजरा | गुरुवार, रात्री ९:४१
सहमत. "जेवढी गाठ तेवढंच काढतात, बाकी ठेवतात" हे खरं आणि कुणालाही लागू. खाली लगेच "अंडकोष राहतात, दाढी-मिशी-ताकद जात नाही."

टाकेवाला | गुरुवार, रात्री ९:५८
हे उत्तम. एक ओळ संमतीपत्राबद्दलही टाका. सही पेशंटची, तो शुद्धीवर आणि सज्ञान असताना पोराची किंवा भावाची नाही. 'अर्धवट, गरज पडल्यास पूर्ण' हे शब्द मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. आणि महात्मा फुले योजनेतून करायचं तर बायोप्सीचा रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार घेऊनच निघा. संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात जाऊन रिपोर्टसाठी परत सेनगावला यायचं म्हणजे दोन दिवस आणि एसटीचं भाडं वाया.

कडबाकुट्टी | गुरुवार, रात्री १०:०५
सगळं ब्येस. पण लावायचं कुठं? उपकेंद्रात बाया आन् लेकरं येतात, गडी येतच नाहीत. हे पत्रक सलूनमधी लावा, आरशाच्या बाजूला. अर्धा तास मान हलवता येत नाही, वाचतो गडी. आन् एसटी स्टँडच्या मुतारीत.

सिस्टर_बालाघाट | गुरुवार, रात्री १०:१२
सलून चालेल. फक्त खाली फोन नंबर आशाताईचा टाकू नका, पुरुष आरोग्य सेवकाचा टाका. आणि त्याला तपासायला आडोसा द्या, उपकेंद्रातल्या त्या एकाच टेबलाला पडदा नाहीय.

जांभूळबेट | गुरुवार, रात्री १०:२०
पडद्याची मागणी रुग्ण कल्याण निधीतून टाकतो. मसुदा रविवारी इथंच चिकटवतो, काचपट्टी यांनी फॉर्मेलिनची ओळ तेवढी तपासावी.